दुसऱ्या शिफ्टने न पाहिलेले शेवट

सिनेमा ऐन रंगात आलेला असताना, भोंगा झाला म्हणून उठून तुम्ही कधी कामावर गेला आहात?

लाइट गेली म्हणून नव्हे, पोर रडायला लागलं म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून तर नव्हेच. सिनेमा आवडलेला असताना, पुढे काय होणार याचा जीवाला घोर लागलेला असताना, पायाशी ठेवलेला डबा उचलायचा आणि वाकून बाहेर पडायचं. असं कधी केलं नसेल, तर सिनेमांबद्दलची माझी मतं तुम्हाला कडवट वाटतील. वाटू देत. मी काही समीक्षक नाही. महिन्यातून एक सिनेमा पाहिलेली, आणि तो पाहून दर वेळी चिडून घरी आलेली मुलगी आहे.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये मराठी मंडळाचा हॉल होता. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे मराठी सिनेमा दाखवत. रिळांची पत्र्याची पेटी नागपूरहून सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची, म्हणून खेळ एकच. वेळ दुपारी दोन. कारखान्याचा भोंगा सव्वातीनला होई आणि पावणेचारला दुसरी शिफ्ट सुरू होई. रविवारी बहुतेक खाती बंद असत, पण कॉम्प्रेसर हाउस, भट्टी आणि पाणीपुरवठा यांना रविवार नसतो. तिथे दुसऱ्या शिफ्टला असलेली आमची मराठी माणसं वीसेक होती. ती रांगांच्या कडेला बसत. मध्यंतर होऊन सिनेमा पुन्हा सुरू होतो न होतो तोच भोंगा होई, आणि ती एकदम उठत. प्रोजेक्टरचा झोत चुकवायला वाकत, तरी त्यांच्या सावल्या पडद्यावरून जातच. नायिकेच्या चेहऱ्यावरून एक डबा जाई, मग एक टोपी, मग आणखी एक डबा. पुढच्या खुर्च्यांवरून आवाज येत, "अहो, खाली! डोकी खाली घ्या!" त्या पुढच्या खुर्च्यांवरच्या कोणालाही सव्वातीनला कुठे जायचं नसे.

त्या सावल्यांतली एक माझ्या बाबांची.

बाबा कॉम्प्रेसर हाउसला टेक्निशियन. दुसरी शिफ्ट त्यांनी कायमची मागून घेतली होती, कारण सकाळ युनियनच्या कामाला मोकळी हवी होती. कोणाला खुलासा मागणारा मेमो मिळाला की तो सकाळी आमच्या क्वार्टरवर येई, आणि बाबा त्याचं उत्तर लिहून देत. पत्रकंही तेच लिहीत. माझ्या शाळेच्या वह्यांना जुन्या पत्रकांची कव्हरं असायची, कोरी बाजू वर. आतल्या बाजूला 'आमच्या मागण्या' आणि खाली एक ते सात. मी वाचायला शिकले ती त्या मागण्यांवर. कारखान्यात बाबांना फार मोठं पद नव्हतं, पण त्यांच्या पत्रकात लिहिलेलं असलं की ते खरं, एवढं लोक धरून चालत. त्यांच्याजवळ होतं ते एवढंच, त्यांचा शब्द.

आणि त्यांना सिनेमाचं वेड होतं. अर्ध्या सिनेमाचं म्हणायला हवं. तो मात्र ते डोळ्यात तेल घालून पाहत. एकदा एका सिनेमात कारखान्याचा प्रसंग होता. नायक लेथवर वाकून घाम पुसत होता, पाठीमागे संगीत. बाबा आईच्या कानात म्हणाले, पण अर्ध्या हॉलनं ऐकलं, "अगं, त्या लेथला जॉबच लावलेला नाही. हा नुसता चक फिरवतोय!" तेव्हापासून सिनेमातला कारखाना दिसला की मी आधी लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावलाय का ते बघते. अजून एकदाही सापडला नाही. हिंदी सिनेमांत तर कामगारांचे निळे कपडे नुकते इस्त्रीवाल्याकडून आलेले असतात, आणि युनियनचा पुढारी ओळखू यावा म्हणून त्याच्या तोंडात पान असतं. तो एक तर विकला जातो नाही तर मारला जातो. सकाळी लुंगीवर बसून दुसऱ्याच्या मेमोचं उत्तर तीन वेळा खोडून लिहिणारा पुढारी मी कुठल्याच सिनेमात पाहिला नाही.

पण माझा खरा राग शेवटांवर आहे, कारण शेवट सांगायचं काम माझं होतं.

सोमवारी सकाळी बाबा पोह्यांची बशी घेऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसत आणि एकच शब्द विचारत. "पुढे?"

पहिला सिनेमा आठवतो तो एका मास्तरणीचा. गावातल्या मुलांसाठी आलेली दुधाची पावडर पाटील खातो. मास्तरीण घरोघरी जाते, लोकांना समजावते, एका अर्जावर चाळीस अंगठे घेते. इथे भोंगा झाला होता.

"पुढे?"

"पुढे पाटलाचा मुलगा विहिरीत पडतो, बाबा. मास्तरीण उडी मारून त्याला वाचवते. पाटील रडतो. मग ती अर्ज चुलीत टाकते."

बाबांचा चमचा थांबला. "चाळीस अंगठे चुलीत?"

"हो."

"तिच्या एकटीचे होते का ते?"

 आजही कोणी त्या सिनेमाची स्तुती केली की मी तोच प्रश्न विचारते. काम छान केलं होतं त्या बाईनं, गावही खरं वाटत होतं. पण ज्यांनी अंगठे दिले ते चाळीस लोक शेवटच्या दृश्यात पाटलाच्या ओसरीवर जेवताना दाखवले होते. पावडरीचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

दुसरा गिरणीच्या संपाचा. पहिल्या भागात टाळेबंदी होते, चाळीतल्या चुली बंद पडतात. दुसऱ्या भागात मालकाची मुलगी चाळीत येते.

"लग्न लागलं?" बाबा म्हणाले. "बरं, लागू दे. आणि टाळेबंदी?"

"टाळेबंदीचं काही सांगितलं नाही. गाणं होतं."

"गाण्यानंतर?"

"गाण्यानंतर समाप्त."

तिसरा नाचणाऱ्या बाईचा होता. मध्यंतरापर्यंत ती आपला फड स्वतः चालवायचं ठरवते, मालकाला तोंडावर नाही म्हणते, बैलगाडी स्वतः हाकते. शेवटी नायकाचा संसार सुखाचा व्हावा म्हणून मरते.

"मेली? कशानं?"

"खोकल्यानं."

"सव्वातीनपर्यंत तर ठणठणीत होती," बाबा म्हणाले, आणि बशी अर्धी ठेवून उठले. त्यांनी अन्न टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला सिनेमा करणाऱ्यांचा राग आला. आमची वीस माणसं चांगला भाग पाहून निघून जातात, कॉम्प्रेसरशेजारी उभी राहून आठ तास त्याच गोष्टीचा विचार करतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात काय पडतं, तर खोकला. मी त्या वेळी अकरावीत होते. अकरावीत माणसाला वाटतं की अन्याय दिसला की लगेच दुरुस्त करायचा. मी दुरुस्त केला.

चौथा सिनेमा जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या एका नर्सचा होता. डॉक्टरच्या चुकीनं एक बाई दगावते. नर्स सगळं एका वहीत लिहून ठेवते. कोर्टात साक्ष द्यायची वेळ येते आणि भोंगा होतो. पडद्यावर पुढे जे झालं ते असं. डॉक्टरची आई पदर पसरते, नर्स कोर्टात साक्ष फिरवते, डॉक्टर तिच्याशी लग्न करतो. हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या. दगावलेल्या बाईच्या नवऱ्याचं काय झालं ते पडद्यावर दिसलंच नाही.

सोमवारी बाबांनी विचारलं, "पुढे?"

मी म्हणाले, "साक्ष दिली तिनं."

"दिली?"

"दिली. डॉक्टरच्या आईनं पदर पसरला, पण ही हलली नाही."

"वही दाखवली कोर्टात?"

"दाखवली."

"पानं फाडली नव्हती ना कोणी?"

"नाही बाबा. सगळी पानं होती."

"शाब्बास!" बाबांनी मांडीवर थाप मारली. ती शाब्बासकी नर्सला होती, पण मी घेतली. त्यांनी आणखी पोहे मागितले.

आई ओट्यापाशी उभी होती. तिनं सिनेमा माझ्या शेजारी बसून पूर्ण पाहिला होता. बाबा आंघोळीला गेल्यावर ती म्हणाली, "तू सांगितलास तो सिनेमा बरा होता गं. पण तो लागला नव्हता."

"मग सांग ना त्यांना."

"मी कशाला सांगू? दोन बशा पोहे खाल्ले त्यांनी."

असे चार सिनेमे झाले. सुनेनं घर सोडायच्या ऐवजी घरातलं तळघर स्वतःच्या नावावर करून घेतलं. जंगलातल्या ठेकेदाराला विजेनं मारण्याऐवजी गावानं मोजमापाची साखळी जप्त केली. एका विनोदी सिनेमात काही बदलण्यासारखं नव्हतं. मी मनापासून हसले होते. तरी त्यातल्या मोलकरणीला मी आठवड्याची सुट्टी मिळवून दिली. मला त्यात खोटं बोलतेय असं वाटत नव्हतं. वाटायचं, मूळ गोष्ट अशीच होती, सिनेमावाल्यांनीच ती बिघडवली. मी तिची मोडतोड दुरुस्त करून देत होते.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. बाबा शेवट स्वतःपुरते ठेवत नव्हते. दुसऱ्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये उरलेली एकोणीस माणसं त्यांच्याभोवती बसत आणि विचारत, "मग, पुढे काय झालं?" बाबा सांगत. त्यांनी सांगितलं म्हणजे झालंच.

त्या वर्षी भट्टीवरच्या एका कामगाराची चौकशी लागली. त्यानं सुपरवायझरला शिवी दिली असा आरोप होता. शिवी दिली नव्हती हे सांगू शकणारा एक जण शेजारीच होता, पण साक्ष द्यायला घाबरत होता. बाबा त्याला कँटीनमध्ये समजावत होते. शेजारच्या टेबलावर टाइम ऑफिसचा एक मराठी क्लार्क बसला होता. त्याला रविवारी सुट्टी, म्हणजे सगळे सिनेमे पूर्ण पाहिलेला. पुढचं मला बाबांच्याच शिफ्टमधल्या एका काकांनी नंतर सांगितलं.

बाबा म्हणाले, "अरे, त्या दवाखान्याच्या सिनेमातली नर्स आठव. एकटी बाई. तिच्यापुढे पदर पसरला तरी तिनं साक्ष दिली. तुझ्यापुढे तर कोणी रुमालही पसरलेला नाही."

क्लार्क जोरात हसला. "कोणत्या नर्सनं दिली साक्ष?"

"त्या सिनेमातल्या."

"अहो, मी होतो की हॉलमध्ये! साक्ष फिरवली तिनं. त्याच डॉक्टरशी लग्न केलं. तुम्ही कुठला सिनेमा पाहिला?"

बाबा म्हणाले, "माझ्या मुलीनं पाहिलाय."

"मग तिला डायरेक्टर करा." टेबलं हसली. क्लार्कला आणखी चेव आला. "पत्रकातल्या गोष्टी पण मुलीला विचारूनच लिहिता का?"

तो घाबरणारा माणूस सगळ्यांबरोबर हसला नाही. तो म्हणाला, "तिनं नाही दिली ना? मग मी कशाला देऊ?" आणि ताट घेऊन उठला. चौकशीत तो आला नाही. भट्टीवाल्यावर आरोप कायम झाला.

नर्सच्या सिनेमामुळेच तो आला नाही असं मी म्हणत नाही. भीती त्याची होतीच. पण भीतीला बसायला जागा मी करून दिली.

त्यानंतर कारखान्यात एक नवीन म्हणच सुरू झाली. बाबा गेटवर पत्रक वाचायला उभे राहिले की मागून कोणी तरी भोपाळी ढंगात ओरडे, "क्यों खां, ये इंटरव्हल के पहले का है कि बाद का?" पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं पत्रक होतं, शब्दन् शब्द खरं. पण लोक टाकीकडे न बघता हसत होते. मराठी माणसं तर त्याहून पुढे गेली. कोणी काही वाढवून सांगितलं की म्हणायचं, "इंटरव्हलनंतरचं दिसतंय." वीस वर्षं बाबांनी जपलेला शब्द लोकांच्या हसण्यात वाहून चालला होता.

 त्या सोमवारी सकाळी बाबा बशी घेऊन स्टुलावर बसले. मी ओट्याजवळ उभी. त्यांनी 'पुढे' असं विचारलं नाही.

"किती?" म्हणाले.

"चार."

"खरे कोणते?"

"पहिले तीन."

"मास्तरणीनं अंगठे जाळले ते खरं?"

"खरं."

 मग मी न राहवून म्हणाले, "बाबा, ते शेवटच खोटे होते. मी फक्त..."

"ते खोटे असतील तर ते त्यांचं खोटं. ज्यानं केलं त्यानं निस्तरावं. तुला आवडला नाही ना? मग आवडला नाही म्हण. दहा पानं लिही, खाली आपलं नाव घाल. बदलून नाही सांगायचं." मग म्हणाले, "ज्याला पुढचं दिसत नाही त्याला तर नाहीच नाही. तो काय करणार बेटा? तू म्हणशील त्यावरच राहणार ना?"

मी रडले. बाबांनी मला रडू दिलं, आणि मग कागद आणून दिला. "दुरुस्ती लिही. चार सिनेमे, चार शेवट. मला शिफ्टला वाटायचीय."

युनियनची पत्रकं एम. पी. नगरमधल्या एका दुकानात सायक्लोस्टाइल होत. तिथल्या हिंदी टाइपराइटरला ळ नव्हता, म्हणून स्टेन्सिल मी हातानं लिहिली. वर लिहिलं, 'दुरुस्ती'. खाली लिहिलं, की पुढील चार चित्रपटांचे शेवट दुसऱ्या शिफ्टच्या सभासदांना चुकीचे सांगण्यात आले, ते सांगणारी मी, आणि खरे शेवट असे आहेत. नर्सनं साक्ष फिरवली. सून घर सोडून गेली. ठेकेदारावर वीज पडली. मोलकरणीला सुट्टी मिळाली नाही.  प्रत्येक शेवटाखाली मी एक ओळ जास्त लिहिली, की मला हा शेवट पटत नाही, आणि का पटत नाही. बाबांनी ती ओळ काढायला सांगितली नाही. सिनेमांवर मी लिहिलेलं पहिलं पान ते. त्याच्या शेवटी मागणी होती, एकच. सिनेमा सकाळी अकराला ठेवा.

कँटीनमध्ये बाबांनी ते स्वतः वाचून दाखवलं. क्लार्कही तिथे होता म्हणे. कोणी हसलं नाही.

मागणी घेऊन मी मंडळाच्या कार्यवाहांकडे गेले. ते पुण्याहून बदलून आलेले इंजिनियर, माणूस मृदू बोलणारा. काकूंनी सरबत दिलं.

"अकराला सिनेमा?" काका म्हणाले. "अगं, रविवारी अकराला आमच्याकडे कुकर लागतो."

"काका, पेटी तर नऊला हॉलवर येते. दोनपर्यंत नुसती पडून असते."

"पेटी येते गं, माणसं कुठे येतात? नेहरू नगरहून लोक दोन बस बदलून येतात. त्यांनी काय उपाशी यायचं?"

"ते जेवून दोनला येऊ शकतात तर न जेवता अकराला येऊ शकतात. वीस माणसं दर महिन्याला अर्ध्यातून उठतात, काका."

"तेच तर सांगतोय. वीसच."

काकू आतून म्हणाल्या, "आणि तुझ्या बाबांना काय गं गरज? त्यांना शेवट घरीच मिळतो ना ताजा?"

सरबताचा पेला मी तसाच ठेवून आले. उद्धटपणा केला, कबूल आहे. पण मला अजूनही कळत नाही, की संख्या किती झाली म्हणजे तिची माणसं होतात.

काकांनी विषय वार्षिक सभेपुढे ठेवायचं कबूल केलं. त्यांनी शब्द पाळला. सभा रविवारी ठेवली, दुपारी चारला.

चारला! ज्यांच्या वेळेचा विषय, ते सगळे पावणेचारला कारखान्यात गेलेले. बाबांनी दोन ओळींची चिठ्ठी दिली होती, 'माझं मत अकराला'. बाकीच्यांनीही तशाच दिल्या होत्या. कार्यवाह म्हणाले, चिठ्ठीनं मत देण्याची तरतूद मंडळाच्या घटनेत नाही. मग आई उठली. माझी आई सभेत कधी बोललेली मी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "ते कामावर आहेत, म्हणून त्यांच्या वतीनं मी हात वर करते." तिच्यामागे कॉम्प्रेसर हाउसच्या, भट्टीच्या, पाणीपुरवठ्याच्या बायका उठल्या. सतरा-अठरा हात वर होते. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या कडेवर मूल.

"वहिनी, सभासद तुमचे यजमान आहेत," कार्यवाह अगदी आदरानं म्हणाले. "तुम्ही कुटुंबीय. कुटुंबीयांना मत नाही. हात खाली घ्या बरं, मोजताना गोंधळ होतो."

पुढच्या खुर्च्यांवरचे हात मोजले गेले. सिनेमा दोनलाच राहिला.

त्याला आता काही वर्षं झाली. मी सिनेमे पाहते आणि त्यांच्यावर लिहिते, खाली नाव घालून. मला बरेच सिनेमे आवडत नाहीत, आणि लोक म्हणतात तुला काहीच आवडत नाही. तसं नाही. पहिले भाग मला फार आवडतात. त्यांत माणसं प्रश्न विचारतात, घरोघरी जातात, वहीत लिहून ठेवतात. मग मध्यंतर होतं आणि कोणी तरी येऊन त्यांना थकवतं, रडवतं, बोहल्यावर चढवतं. कधी कधी वाटतं, ज्यांनी हे शेवट लिहिले त्यांनी आमच्या हॉलची वेळ पाहूनच लिहिले असावेत. विचारणारे उठून गेलेले असतात, मग काय, काहीही दाखवा.

आणि बाबा अजूनही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जातात. कडेची खुर्ची, पायाशी डबा. भोंगा झाला की वाकून निघतात. सोमवारी मला काही विचारत नाहीत. आई सांगायला लागली तर म्हणतात, "नको, राहू दे." कँटीनमध्ये कोणी विचारलं, की पुढे काय झालं, तर ते म्हणतात, "पाहिला नाही." गेटवर लोक त्यांचं पत्रक पुन्हा ऐकून घेतात, पण त्यासाठी किती तरी पत्रकं जावी लागली. मागून येणारी ती एक आरोळी पूर्ण बंद झालेली नाही.

मी एकदा म्हणाले, "बाबा, निवृत्त झालात की सगळे सिनेमे पूर्ण बघाल."

ते चिडले. "आणि माझ्या खुर्चीवर जो येईल तो?"

म्हणून ही विनंती आहे, आणि ती वाचून पान उलटू नका. तुम्ही ज्या मंडळाचे, वाचनालयाचे, सोसायटीचे सभासद असाल, तिथल्या कार्यक्रमांची वेळ कोण ठरवतं ते या आठवड्यात विचारा. तुमच्या गावात त्या वेळी कोण ड्यूटीवर असतं, दवाखान्यात, पाण्याच्या टाकीवर, भट्टीपाशी, त्यांची नावं कागदावर लिहून सभेत न्या आणि मोठ्यानं वाचा. सभेची वेळ आधी बदलून घ्या, मग खेळाची. कोणी म्हणालं, की अहो, ते वीसच आहेत, तर हात वर करा आणि वेळ बदलेपर्यंत खाली घेऊ नका. तुम्ही सभासद आहात. तुमचा हात त्यांना मोजावाच लागेल.